घटी बसलेल्या बायकांचा श्वास

विहंगबद्दलचं माझं मत तो सात वर्षांचा असतानाच ठरलं होतं आणि ते बदलावं असं त्याने पुढे काही केलं नाही. गंगापूर रोडला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये तो वाढला. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात त्याने ज्वालामुखी केला होता. म्हणजे केला त्याच्या आईने, आणि परीक्षक आल्यावर शेजारी हाताची घडी घालून उभा राहिला तो. पहिलं बक्षीस मिळालं. पुढे तो पुण्याला शिकला, दोन वर्षं जर्मनीत राहून आला आणि परत येऊन अंबडच्या औद्योगिक वसाहतीत गाळा घेऊन त्याने कंपनी काढली. मला या सगळ्यात तो ज्वालामुखीच दिसत राहिला.

मी श्यामला गायधनी. ओझरच्या विमान कारखान्याच्या दवाखान्यात एकतीस वर्षं सिस्टर होते. माहेर पंचवटीतलं. वडील तीर्थोपाध्याय, यात्रेकरूंची श्राद्धं करायची आणि त्यांच्या घराण्याच्या नोंदी वहीत ठेवायच्या हे आमचं पिढीजात काम. ज्या यजमानाला पणजोबांचं नाव सांगता यायचं नाही, त्याच्याकडे आमचे अण्णा अशा नजरेने बघत की तो माणूस उगाचच सदऱ्याची बटणं चाचपायला लागे. ती नजर घरात माझ्याकडे आली. कारखान्यातले कामगार जखमेपेक्षा मला जास्त घाबरत, आणि मला त्याचा अभिमान होता.

मागच्या भाद्रपदात विहंग घरी आला. "मावशी, मला तुमची गरज आहे," म्हणाला. त्याला माझी नाही, माझ्या नोंदणी क्रमांकाची गरज होती. त्याला गावोगाव आरोग्य शिबिरं घ्यायची होती आणि एक नोंदणीकृत नर्स सोबत असली की कागदपत्रं शोभून दिसतात. मी हो म्हणाले. घरात बसून कंटाळले होते हे एक कारण. दुसरं कारण असं की हा मुलगा एक दिवस तोंडावर आपटणार याची मला खात्री होती, आणि ते मला पहिल्या रांगेत बसून बघायचं होतं.

त्याच्या यंत्राचं नाव होतं ‘फुंकर’. खाली ओळ, ‘एक फुंकर, पूर्ण खबर’. बॅनर दहा फुटांचं आणि यंत्र पोळ्यांच्या डब्याएवढं. नळीत फुंकायचं, अर्ध्या मिनिटात पडद्यावर हिरवा, पिवळा किंवा लाल रंग येणार. लाल म्हणजे मधुमेह. सुई नको, रक्त नको. हे सांगताना विहंग दोन्ही हात असे पसरायचा, की जणू माणसाला श्वासही त्यानेच दिला आहे.

यंत्राच्या आतलं सगळं स्नेहलने केलं होतं. डॉक्टर स्नेहल भामरे, सटाण्याकडची. तिशीची, बारीक चणीची, बोलताना आधी दाराकडे बघणारी. त्या कंपनीत डोकं तिचं होतं आणि तोंड विहंगचं. पहिल्या दिवशी तिने मला काचेच्या पट्टीवरचा करडा ठिपका दाखवला.

"टंगस्टन ऑक्साइडचे तंतू आहेत हे सिस्टर. केसाहून शेकडो पटींनी बारीक. तापवून ठेवतो. श्वासातला अॅसिटोन त्यांच्यावर आला की त्यांच्यातून जाणारी वीज कमीजास्त होते. त्यावरून अॅसिटोन किती ते कळतं."

"आणि अॅसिटोनवरून मधुमेह?"

तिने दाराकडे बघितलं. "मी अॅसिटोन मोजते. पुढचं विहंग सर सांगतात."

मला अॅसिटोन ओळखायला यंत्र लागत नव्हतं. शरीराला साखर वापरता आली नाही की ते चरबी जाळायला घेतं आणि श्वासाला अतिपिकल्या फळासारखा वास येतो. इन्सुलिन सोडून बाबाबुवाच्या नादी लागलेला एक फिटर बेशुद्ध अवस्थेत आणला होता, तेव्हा मी तो वास दारातच ओळखला होता. पण चार दिवस काही न खाल्लेल्या धडधाकट माणसालाही तोच वास येतो. त्याच्या पोटात साखरच गेलेली नसते, मग शरीर चरबीच जाळणार. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाचा धडा आहे हा.

विहंगने शिबिरासाठी नवरात्र निवडलं.

एकलहऱ्याच्या अलीकडे एक गाव आहे. वीज केंद्राच्या चिमण्या तिथून अगदी डोक्यावर असल्यासारख्या दिसतात. गावच्या देवीच्या देवळामागे पत्र्याची मोठी शेड आहे आणि नवरात्रात शंभरेक बायका तिथे घटी बसतात. घटी बसायचं म्हणजे नऊ दिवस घरी जायचं नाही, देवळातच राहायचं, चटईवर झोपायचं आणि उपास करायचा. उपासही आमच्यासारखा साबुदाण्याच्या खिचडीचा नाही. कुणी नुसत्या पाण्यावर, कुणी सकाळ-संध्याकाळ कपभर दुधावर, कुणी दोन लवंगांवर.

"एकाच जागी शंभर बायका, नऊ दिवस कुठे हलणार नाहीत," विहंग गाडीत सांगत होता. "असा डेटा जगात कुठे मिळणार, मावशी?"

आम्ही पोचलो तो पाचवा दिवस होता. शेडमध्ये शिरताच तो वास आला. धूप, झेंडू, तेल आणि त्या सगळ्याखालून तो पिकल्या फळाचा वास. मी विहंगला बाजूला घेतलं.

"अरे, या बायका पाच दिवस उपाशी आहेत. यांच्या श्वासात अॅसिटोन असणारच. तुझं यंत्र सगळ्यांना मधुमेह सांगेल."

तो हसला. मोठ्या माणसांच्या अज्ञानावर लहान मुलं हसतात तसं. "मावशी, तुमच्या काळात नाकाने निदान करायचे. हे नॅनो आहे. आमचा अल्गोरिदम हे सगळं अॅडजस्ट करतो."

स्नेहल नळ्या पुसत होती. तिने मान वर केली नाही.

मी तिथेच थांबायला हवं होतं. बॅग उचलून, "मग या शिबिरावर माझं नाव नको," असं म्हणायला हवं होतं. पण मी गप्प बसले. लाजाळूपणाने नाही, लाज मला माहीत नाही. मी गप्प बसले ती तुच्छतेने. एकदा सांगितलं, आता दुसऱ्यांदा सांगण्याइतकी तुझी लायकी नाही, आपट तोंडावर, असा तो गप्पपणा होता. आणि खरं सांगायचं तर त्या बायकांबद्दलही माझं मत फार चांगलं नव्हतं. शरीराला पाणी पाणी करायला लावून देवी प्रसन्न होते असं मानणाऱ्या बायका. फुंकू देत.

बासष्ट जणींनी फुंकलं. एकोणपन्नास लाल आल्या.

यंत्राला जोडलेल्या प्रिंटरमधून चिठ्ठी बाहेर पडायची, वर लाल पट्टी, खाली इंग्रजीत आकडे, त्याखाली मुंगीएवढ्या अक्षरांत आणखी काहीतरी. त्या चिठ्ठ्या वाटायचं काम माझं. पंचेचाळिशीची एक बाई चिठ्ठी घेऊन माझ्यासमोरच उभी राहिली. हात द्राक्षबागेत काम करणाऱ्यांचे असतात तसे, औषधांच्या फवाऱ्याने चिरलेले. नाव फुलाबाई.

"बाई, हे लाल म्हंजी काय वो?"

मला दोन वाक्यांत सांगता आलं असतं. फुलाबाई, तुम्ही उपाशी आहात म्हणून हे लाल आलंय. ही चिठ्ठी चुलीत घाला. त्याऐवजी मी हनुवटीनेच विहंगकडे खूण केली आणि म्हणाले, "त्या साहेबांना विचारा. यंत्र त्यांचं आहे."

साहेबांनी मोबाइलमधून डोकं न काढता सांगितलं, "साखर आहे तुम्हाला. ट्रीटमेंट चालू करा लवकर."

"आमच्या मालकांनाबी हाय साखर," फुलाबाई म्हणाली. घरात दोघांनाही तेच दुखणं निघालं यात तिला काहीतरी जोडीने केल्यासारखं वाटलं असावं. ती चिठ्ठीची घडी करून कनवटीला लावत गेली.

परतताना विहंग पुढे त्याच्या गाडीतून गेला. मी आणि स्नेहल मागे सामानाच्या टेम्पोत होतो.

"अल्गोरिदममध्ये उपासाचं काहीच नाहीये," ती अचानक म्हणाली. "मी लिहिलाय, मला माहितीये. मी त्यांना मेलही केला होता की जेवून दोन तास झालेल्या माणसांवरच चाचणी घ्या. ते म्हणाले, आधी आकडे येऊ देत."

"मग तिथे का नाही बोललीस?"

"माझं ऐकतात का ते? सिस्टर, तुम्ही त्यांना लहानपणापासून ओळखता. तुम्ही नीट बसून सांगा ना."

"मी एकदा सांगितलंय," मी म्हणाले. "आता त्याचं फुटू दे तोंड. त्याशिवाय अक्कल येत नाही अशा लोकांना."

तिने मांडीवरचा नळ्यांचा डबा बंद केला. मला ती नेभळट वाटली. मी स्वतःला काय समजत होते ते विचारू नका.

दुसऱ्याच दिवशी एका छोट्या पेपरात बातमी आली: ‘ग्रामीण महिलांमध्ये मधुमेहाची छुपी साथ, नाशिकच्या तरुणाच्या संशोधनातून उघड’. विहंगचा यंत्रावर हात ठेवलेला फोटो. मी ते कात्रण कापून डायरीत ठेवलं. पुढे कधी त्याचं पितळ उघडं पडलं की ते बाहेर काढून वाचायची मजा घेता येईल म्हणून.

अष्टमीला आम्ही पुन्हा तिथे गेलो. या वेळी मुंबईहून एक पाहुणा आला होता, कंपनीत भांडवल घालायच्या विचारात असलेला. पांढरे बूट. देवळाच्या पायरीशी ते काढायला सांगितल्यावर त्याने पायरीकडे अशा नजरेने पाहिलं की मला पहिल्यांदाच त्या देवळाबद्दल आपुलकी वाटली. विहंग त्याच्याभोवती गिरक्या घेत होता. बायका नळीत फुंकताहेत असं चित्रण त्याला हवं होतं.

अकराची आरती चालू होती. संबळ वाजत होता. शेडच्या मधोमध बायकांचं कडं झालं होतं आणि आत कुणीतरी घुमत होतं. "आई आली, आई आली," असा गलका झाला. कुणी हळदीकुंकू उधळलं, कुणी पायावर डोकं ठेवलं. यशोदाबाई म्हणून तिथली सगळ्यांत म्हातारी बाई खणानारळ घेऊन पुढे झाली.

"ये अपना पेशंट है क्या?" पाहुण्याने विचारलं.

"नाही नाही सर, हे यांचं रिलिजियस काहीतरी असतं," विहंग म्हणाला आणि मोबाइल उंच धरून त्याने चित्रण सुरू केलं. "अनरियल आहे ना? इंडिया!"

मी तोंड फिरवलं. विहंगपासून आणि त्या घुमणाऱ्या बाईपासूनही. दोघांचाही सारखाच वीट आला होता मला. बॅगेतली पट्टी नीट गुंडाळत बसले. किती वेळ गेला ते नक्की सांगता येणार नाही. पाच मिनिटं असतील, सात असतील. तेवढा वेळ मी एका बाईला मरू देत होते.

गर्दी जरा फाकली आणि मला तिचा चेहरा दिसला. फुलाबाई. लुगड्याची पाठ घामाने भिजून चिकटली होती. बाकी सगळ्या बायका कोरड्या होत्या. पाऊस नुकताच होऊन गेलेला, पत्र्याखाली गारवा होता. अंगात आलेल्या बाया मी लहानपणापासून गोदाघाटावर पाहिल्या आहेत. त्या तापलेल्या, लाल होतात. ही राखेसारखी पांढरी होती. आणि बोटं थरथरत होती ती बारीक, जलद, विजेच्या तारेसारखी. ती काहीतरी बरळत होती आणि बायका त्याला कौल समजून कान देत होत्या.

मी कडं तोडून आत गेले. हात लावला. बर्फ.

"अवो बाई, अंगातल्या देवीला हात लावू नका!" कुणीतरी माझा खांदा ओढला.

"देवी नाही, साखर उतरलीय," मी ओरडले. "सरका मागे! स्नेहल, माझी बॅग आण!"

बोट टोचून रक्त पट्टीवर घेतलं. आकडा आला बत्तीस. सत्तरच्या खाली गेला की आम्ही धावपळ करतो. फुलाबाईचे डोळे आता वर गेले होते. तोंडातून काही देण्यात अर्थ नव्हता, घशात अडकलं असतं. बॅगेत ग्लुकोजची इंजेक्शनं होती. एकतीस वर्षांची सवय, मी बॅग तशी भरल्याशिवाय घराबाहेर पडत नाही. स्नेहलने तिचा दंड आवळून धरला, मी शीर शोधली. उपासाने शिरा बसलेल्या. दुसऱ्या खेपेला सुई लागली.

"मावशी, जरा बाजूला व्हाल का, सर बघतायत," मागून विहंगचा आवाज आला.

मी मान न वळवता त्याला जे म्हणाले ते देवळात म्हणू नये असं होतं. पंचवटीत वाढलेल्या बाईला बऱ्याच शिव्या येतात.

तिसऱ्या इंजेक्शनला फुलाबाईने डोळे उघडले. आधी पत्र्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय घेतलंत फुलाबाई? काय गोळी घेतलीत?"

तिने कनवटीला हात घातला. लाल चिठ्ठी निघाली, आणि तिच्या घडीत गोळ्यांची पट्टी. तिच्या नवऱ्याच्या, साखर कमी करायच्या. लेकीकडून मागवून घेतल्या होत्या. पहिले दोन दिवस अर्धी अर्धी, आज सकाळी पुरी. आठ दिवसांच्या रिकाम्या पोटी.

"तुमीच सांगितलं ना वो," ती हळूच म्हणाली. "लवकर चालू करा."

रुग्णवाहिका येईपर्यंत पाहुणा निघून गेला होता.

नाशिकच्या सरकारी रुग्णालयात तिला सलाइन लावलं. त्या गोळीचा अंमल लांबतो. दुपारी साखर पुन्हा उतरली, पुन्हा चढवली. चार वाजता तिचा नवरा आला. कारभारी त्याचं नाव, वीज केंद्रात कंत्राटदाराकडे राख उचलायच्या कामावर. अंगावर तीच राख. बायकोला बघून तो व्हरांड्यात आला आणि माझ्यासमोर उभा राहिला.

"ती चिठ्ठी खरी का खोटी, सिस्टरबाई?"

"खोटी."

"तुमाला आज कळलं?"

खोटं बोलणं सोपं होतं. "नाही," मी म्हणाले. "मला चिठ्ठ्या वाटण्याआधीच माहीत होतं."

त्याने आरडाओरडा केला असता तर मला बरं वाटलं असतं. आरडाओरडा करणाऱ्या नातेवाइकांना गप्प करणं मला जमतं. त्याने साधं विचारलं.

"मंग बोलल्या का नाय?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते एका राख उचलणाऱ्या माणसाला कसं सांगणार? तुमच्या बायकोपेक्षा मला एका पोराची फजिती महत्त्वाची वाटली, हे? तो आत बायकोजवळ जाऊन बसला.

विहंगचा फोन आला. "मावशी, आपण घाबरायचं काही नाही. गोळी तिने स्वतः घेतली. चिठ्ठीवर खाली स्पष्ट लिहिलंय, डॉक्टरांचा सल्ला घ्या."

"इंग्रजीत. मुंगीच्या अक्षरात. ती वाचू शकते का?"

"तो आपला इश्यू नाही. आणि तसं बघितलं तर नर्स म्हणून तिथे तुम्ही होतात. चिठ्ठ्या तुमच्या हातून गेल्यात."

आयुष्यात पहिल्यांदा तो पूर्ण खरं बोलला होता, आणि तेही स्वतःची कातडी वाचवायला. मी फोन ठेवून दिला.

संध्याकाळी स्नेहल आली. तिच्या हातात एकोणपन्नास लाल नावांची यादी होती. कंपनीच्या कॉम्प्युटरवरून छापून घेतली आणि तिथेच राजीनाम्याचा कागद ठेवला, म्हणाली. दाराकडे न बघता म्हणाली. मी तिला नेभळट समजले होते.

नवमीला सकाळी सातलाच आम्ही दोघी शेडमध्ये पोचलो. बॅनर नाही, टेबल नाही. माझं साधं साखर मोजायचं यंत्र आणि पट्ट्यांचे चार डबे. मी शेडच्या मधोमध उभी राहिले आणि सांगितलं, "शिबिरात दिलेल्या लाल चिठ्ठ्या चुकीच्या आहेत. तुमच्या श्वासात जे सापडलं ते उपासाने आलंय. आम्हाला ते माहीत होतं. तरी आम्ही चिठ्ठ्या दिल्या."

मग एक बाई मोठ्याने हसली. "म्हंजी आमी उपास केला हे सांगायला तुमी एवढं मशीन आणलं? आमालाच इचारायचं ना!"

सगळी शेड हसली. मला आयुष्यात कुणी असं हसलं नव्हतं. मी खाली बसले आणि एकेकीचं बोट धरायला सुरुवात केली.

फुलाबाई सोडून उरलेल्या अठ्ठेचाळीसपैकी सत्तेचाळीस जणींची साखर ठीक होती, बहुतेकींची जरा कमीच. एकीची खरोखर वाढलेली निघाली. बाकीच्यांचीही तपासली. तेव्हा यशोदाबाईचा आकडा आला दोनशे चौसष्ट. हिला यंत्राने हिरवी चिठ्ठी दिली होती.

"असं कसं?" मी स्नेहलला विचारलं.

"वयामुळे त्या रोज फराळ करतात, दूधकेळी घेतात. पोटात अन्न आहे, त्यामुळे अॅसिटोन नाही. आपल्याकडच्या बऱ्याच मधुमेहींच्या श्वासात तो वाढलेला नसतोच." ती यादीवर खूण करत होती. "माझा सेन्सर खोटं बोलला नाही, सिस्टर. त्याला विचारलेला प्रश्नच चुकीचा होता."

"तुझा सेन्सर आणि मी," मी म्हणाले. "दोघांनाही सगळं कळत होतं."

ती हसली नाही. बरं झालं.

जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना मी सगळं लिहून दिलं, माझ्या नावासकट. एक साहेब येऊन जबाब घेऊन गेले. शिबिरं बंद झाली. विहंगचं काय झालं म्हणाल तर फारसं काही झालं नाही. अशा लोकांचं होत नाही. महिन्याभरात त्याने त्याच यंत्रावर नवं नाव चिकटवलं आणि कॉलेज रोडच्या जिममध्ये ते बसवलं. पळून पळून चरबी जळतेय का ते तिथली पोरं फुंकून बघतात. लाल आलं की टाळ्या वाजवतात. तिथे ते यंत्र अगदी बरोबर सांगतं. लिफ्टमध्ये भेटला की मला अजून "मावशी" म्हणतो.

दिवाळीनंतर मी फुलाबाईच्या घरी गेले. ती अंगणात भांडी घासत होती. चेहरा भरला होता. गावात आता तिला वेगळा मान आहे, हे मला तिच्या जावेने दारातच सांगितलं. अष्टमीला देवी आली, आणि सुया टोचणारीने ती घालवली, अशी ती हकीकत गावात सांगितली जाते. मी फुलाबाईला समजावायला गेले की ती देवी नव्हती, साखर उतरली होती.

"आसंल," ती भांडं विसळत म्हणाली. "पण बाई, तुमचं ते मशीन खोटं निघालं. मंग तुमी आता सांगता ते खरं कशावरून?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. भाजीवाल्याने एकदा सडका टोमॅटो दिला की आपण दुसऱ्या दिवशी प्रत्येक टोमॅटो दाबून बघतो, तशी ती माझ्याकडे बघत होती.

"आमच्या मालकांनीबी गोळ्या बंद केल्यात तव्हापासून," तिने पुढे सांगितलं. "म्हनतात, त्यांची साखरबी आशीच कुनीतरी कागदावर लिहिली आसंल."

कारभारीचा मधुमेह नऊ वर्षांचा, खरा, रक्तातला. तो घरातच होता. बाहेर आला, पण बोट द्यायला तयार नाही. तिसऱ्यांदा विनवल्यावर दिलं. आकडा तीनशे अठरा.

"तुमच्याच मशीनचा भाऊ हाय हा," तो म्हणाला आणि कामावर निघून गेला.

पुढच्या बुधवारी मी पुन्हा गेले. त्याच्या पुढच्या बुधवारीही. नाशिकरोडपर्यंत बस, तिथून रिक्षा. एकदा तो कामावर होता, एकदा घरात असून बाहेर आला नाही. मला कुणी असं ताटकळत ठेवलं तर पूर्वी मी परत पाऊल ठेवलं नसतं. स्नेहलला फोनवर सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मी येऊ का?" ती आता सिन्नरला एका कॉलेजात शिकवते. मी म्हणाले, नको. चिठ्ठी मी दिली होती.

चौथ्या बुधवारी फुलाबाईने बसायला गोणपाट टाकलं. कारभारी ओसरीवर होता. त्याच्या पायाला जखम झाली होती, बुटाने घासलेली, तीन आठवडे भरत नव्हती. त्याने स्वतःच बोट पुढे केलं, तोंड मात्र रस्त्याकडे.

"बोला."

"तीनशे चाळीस. आणि ती जखम त्यामुळेच भरत नाहीये."

"गोळी घेतली तर उतरंल?"

"उतरेल. आधी दवाखान्यात दाखवू, तिथे शिरेतलं रक्त देऊ. माझ्यावर विसंबू नका. त्यांचा आकडा आणि माझा आकडा तुम्ही स्वतः शेजारी ठेवून बघा."

"आन नाय जुळला तर?"

"तर या ओसरीवर येऊन गावासमोर सांगेन की मी पुन्हा चुकले."

त्याने दुखरा पाय ओसरीखाली सोडला. "चला मंग उद्या," म्हणाला.

दुसऱ्या दिवशी नाशिकरोडच्या दवाखान्यात आम्ही तिघं दोन तास रांगेत बसलो. आकडे जुळले. डॉक्टरांनी जखम बघितली, गोळी पुन्हा लिहून दिली. तिथल्याच नळावरून मी पेल्यात पाणी आणलं आणि त्याच्यापुढे धरलं. त्याने पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि फुलाबाईकडे हात केला. तिने पिशवीतली तिची बाटली काढून दिली. त्या पाण्यानेच त्याने गोळी घेतली.

मी पेला धुऊन जागेवर ठेवला आणि पुढच्या तपासणीची तारीख विचारायला खिडकीशी गेले.